कमोडच्या बुडाशी पाणी: वॅक्स रिंग आणि फ्लँज बदलताना

कमोडच्या बुडाशी ओल दिसली की पहिला उपाय होतो तो व्हाइट सिमेंटचा. फट बुजवली की पाणी दिसेनासं होतं, पण गळतच राहतं आणि लादीखालच्या भरावात मुरतं. आपल्या कोकणातल्या जुन्या घरांत हा भराव बऱ्याचदा जांभ्याच्या कपच्यांचा आणि मातीचा असतो. तो ओल धरून ठेवतो आणि जोत्याच्या चिऱ्यांतून ती पलीकडच्या भिंतीत चढते. भिंतीचा पापुद्रा सुटायला लागेपर्यंत मूळ दोष कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून आधी गळती नेमकी कुठली ते ठरवा. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका, बुडाभोवतीची लादी कोरडी पुसा आणि पाऊण तास फ्लश न करता थांबा. निळं पाणी आपोआप आलं तर टाकीचे बोल्ट किंवा वॉशर गेले आहेत. फ्लश केल्यावरच निळं पाणी आलं तर खालचा जोड गेला, म्हणजे कमोड आणि पाइप यांमधली मेणाची वॅक्स रिंग किंवा ती ज्यावर बसते तो फ्लँज, पाइपाच्या तोंडावरची रुंद कड. पाणी स्वच्छच दिसत असेल तर जेट स्प्रे, अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप तपासा. जेटच्या नळीतून थेंब थेंब ओघळणारं पाणी कमोडच्या मागून खाली उतरतं आणि दोष बिचाऱ्या रिंगवर जातो.

वासाचंही तसंच. गणपतीला किंवा शिमग्याला उघडणाऱ्या बंद घरात कमोडच्या वळणातलं पाणी उन्हाळ्यात आटून गेलेलं असतं आणि सेप्टिक टँकचा वायू सरळ घरात येतो. आधी बादलीभर पाणी ओता. वास तासाभरात गेला तर काहीही खोलायची गरज नाही. भर पावसात फ्लश केल्यावर पाणी वर चढून सावकाश उतरत असेल, तर शोषखड्ड्याभोवतीची जमीन पाण्याने भरलेली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी नवी रिंग बसवली तरी उलट दाबाने तीही फुटू शकते, तेव्हा आधी टँक बघा.

दुकानात जाण्यापूर्वी कमोडचा प्रकार पाहा. मैला मागे भिंतीत जात असेल तर तो पी-ट्रॅप. त्याला वॅक्स रिंग लागत नाही, रबरी पॅन कनेक्टर, म्हणजे कमोडचं तोंड पाइपाला जोडणारी बाही लागते. खाली जमिनीत जात असेल तर एस-ट्रॅप. त्यातही आपल्याकडच्या अनेक कमोडांना खाली लांब तोटी असते. ती ११० मिमी पाइपात उतरते आणि तिथेही रबरी कनेक्टरच योग्य. तोंड आखूड असेल आणि कमोड जमिनीतल्या फ्लँजवर बोल्टने बसत असेल तरच वॅक्स रिंग. घेताना दोन घ्या. मेण एकदा दबलं की परत फुगत नाही, त्यामुळे कमोड ठेवून पुन्हा उचलावा लागला तर ती रिंग वाया जाते.

खोलताना अँगल कॉक बंद करा, फ्लश करा आणि टाकीतलं व भांड्यातलं उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. टाकी वेगळी असेल तर काढून बाजूला ठेवा. बुडाभोवतीचं सिलिकॉन कटरने कापा. व्हाइट सिमेंट असेल तर हॅक्सॉचं पातं फटीतून फिरवत राहा, छिन्नी-हातोडीचा मोह नको. सिमेंटने धरलेली चिनी माती ठोक्याने बुडाशी तडकते आणि मग कमोडच नवा घ्यावा लागतो. दोघांनी मिळून हलकं डोलवत सरळ वर उचला आणि गोणपाटावर आडवा ठेवा. लगेच पाइपात जुन्या कपड्याचा मोठा बोळा घाला, टोक बाहेर ठेवून. खिडकी उघडी हवी आणि जवळ काडी, विडी काही पेटवू नये, कारण त्या वायूत मिथेनही असतो.

जुनं मेण पुट्टीच्या पट्टीने खरवडा, दोन्ही बाजूंचं. आता फ्लँज नीट दिसेल, आणि खरा दोष बहुतेक इथेच सापडतो. फ्लँजची कड तयार लादीवर टेकलेली असावी, म्हणजे लादीपेक्षा साधारण ६ मिमी वर. जुन्या लादीवर नवी लादी घातलेल्या घरात फ्लँज खाली राहतो. नवी लादी नुसत्या केमिकलवर, म्हणजे लादी चिकटवण्याच्या मसाल्यावर बसवली तरी सव्वा-दीड सेंटिमीटर, सिमेंटच्या मालावर बसवली तर त्याहून जास्त. एवढी पोकळी एक रिंग भरत नाही. एकावर एक दोन रिंगा घालतात ते मला पटत नाही, त्या दाबाखाली एकमेकींवरून सरकतात. फ्लँजवर बसणारी एक्स्टेंडर चकती सिलिकॉन लावून स्क्रूने आवळणं हा पक्का उपाय.

फ्लँजला तडा असेल किंवा त्याची लोखंडी चकती गंजली असेल तर तो बदलाच. पीव्हीसी फ्लँज पाइपाच्या आत बसणारा किंवा बाहेरून बसणारा असतो, जुना पाहून तसाच आणा. आधी कोरडा बसवून बोल्टच्या खाचा कमोडच्या डाव्या-उजव्या भोकांशी जुळवा आणि पेन्सिलने खूण करा. मग पाइप आणि फ्लँज दोन्ही खडखडीत पुसा, सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी जोडायचा गोंद) दोन्हींना लावा, पाव फेरा फिरवत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ सुकू द्या. फ्लँज स्क्रूने जमिनीला आवळण्यासाठी लादीला भोक पाडताना वर कागदी टेप लावा आणि लादी पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. खाली भुसभुशीत भराव लागला तर प्लग धरणार नाही. तो भाग खोदून काँक्रीट भरा आणि पुरतं मुरल्यावरच स्क्रू मारा.

स्क्रू आणि बोल्ट साधे लोखंडी अजिबात नकोत, खाऱ्या वाऱ्यात ते लवकर गंजतात. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मिळालं तर उत्तम, नाहीतर ३०४. टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल स्टीललाही खातं, म्हणून बोल्टवर टोप्या बसवाच.

मेण लावण्याआधी कमोड नुसता ठेवून पाहा. डुलत असेल तर प्लॅस्टिकच्या पाचरी द्या. डुलणं हेच रिंग सुटण्याचं मोठं कारण आहे. बोळा काढा, रिंग फ्लँजवर मध्यावर ठेवा आणि बोल्ट भोकांतून येतील असा कमोड सरळ खाली उतरवा. त्यावर बसून वजनाने दाबा, फिरवू नका, उचलू नका. नट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा आणि हालचाल थांबली की थांबा. जास्त आवळलं तर बूड तडकतं.

पाच-सहा वेळा फ्लश करून कोरडा कागद बुडाभोवती फिरवा. कोरडा राहिला तर बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन लावा, पण मागच्या बाजूला दोनेक इंच जागा मोकळी सोडा. पुढे कधी गळलं तर पाणी तिथून लादीवर येईल आणि भरावात मुरण्याआधी दिसेल.