मांगराची डागडुजी: सिमेंट उतरलं, मिरगाआधी नळे चढले

मंडळी, यंदा मांगराची, म्हणजे शेतघराची, शाकारणी मिरगाच्या चार दिवस आधी झाली. पण शिगम्यापासूनचा बहुतेक वेळ छपरापेक्षा भिंतीच्या पायाशीच गेला, म्हणून आधी त्याविषयी.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावी मांगर, गोठा आणि खळं जागच्या जागी जपून तिथेच जुनी शेतकामं करून दाखवायची, असं आम्ही काही जण करतो आहोत. बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात शेतीची अवजारं फार मायेनं सांभाळली आहेत, आणि ती इमारतही पाडलेल्या जुन्या घरांच्या सामानातून उभी राहिली आहे. तिथून परतताना वाटलं, नांगर वाचला, पण तो ज्या खुंटीला टांगायचे ती भिंतही वाचायला हवी.

आता चुकीबद्दल. तीन वर्षांपूर्वी पागोळ्यांचे शिंतोडे उडतात म्हणून मीच भिंतीला खालून दोन फूट सिमेंटचा गिलावा केला होता. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल त्यात चढते आणि भिंतीच्या अंगातून सुकून जाते. सिमेंटनं ती वाट बंद झाली आणि ओल गिलाव्याच्या वर सरकली. तिथे हातभर उंचीच्या पट्ट्यात बोट लावलं तरी चिऱ्याची लाल माती गळायची. छिन्नीनं सिमेंट काढताना दगडाचा पापुद्राही निघत होता. ते बघवत नव्हतं. शेवटी 11 चिरे बदलावे लागले.

नवे चिरे गेल्या हिवाळ्यातच आणून उघड्यावर रचले होते. खाणीतून काढलेला ताजा चिरा मऊ असतो, वारा लागेल तसा तो घट्ट होतो. मूळ बांधकाम मातीच्या चिखलातलं, म्हणून जोडणीही चिखलातच केली. वरून चुना. चुनकळी, म्हणजे भाजलेला चुना, पिंपात विझवून तीन आठवडे पाण्याखाली ठेवली, तेव्हा लोण्यासारखा चुना हाती आला. त्याच्या एका भागाला तीन भाग चाळलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, तिच्यातलं मीठ भिंतीत उतरतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. मे महिन्याच्या उन्हात तो तडकू नये म्हणून ओली गोणपाटं टांगून दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं.

एका खांबाचा बुंधा कुजला होता. मी अख्खा खांब बदलायला निघालो होतो. मेस्त, म्हणजे आमचे सुतार, म्हणाले, “आखो खांबो कित्याक काडटा? कुसला तितलोच काप.” मग खालचा दीड फूट कापून किंदळीच्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडला, लाकडी खुंट्या ठोकल्या आणि खाली चिऱ्याची बैठक दिली. जुन्या खांबावर दोरीनं घासून पडलेली खाच तशीच राहिली, याचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हातमोजे घालाच, त्यानं कातडी भाजते.

छपरावर मागच्या बाजूला नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, आणि पुढे मंगळुरी कौलं. सगळं एकसारखं करा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण मी ऐकलं नाही. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना 1865 साली सुरू झाला आणि तशी कौलं पुढे कोकणपट्टीभर पसरली. कधीतरी हाती पैसा आला तेव्हा घरच्यांनी पुढची बाजू बदलली असणार, हे त्या छपराकडे पाहून कळतं. ते का पुसायचं? फुटके नळे तेवढे काढले आणि पाडलेल्या एका गोठ्याचे आणून घातले.

पहिला मोठा पाऊस रात्री पडला. बॅटरी घेऊन गेलो. भिंत खालून गुडघाभर काळसर झाली होती. दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली आणि दुपारपर्यंत चुना पुन्हा पांढरा दिसू लागला. आढ्याजवळ एका ठिकाणी गळतंय, तिथला नळा सरकलाय. पाऊस थांबला की तो बसवतो. गोठ्याची जमीन भातकापणीनंतर धरू.