पायाला मुंग्या येतात तेव्हा नसेत काय घडतं

सत्यनारायणाच्या पूजेला तासभर मांडी ठोकून बसलेला माणूस आरतीला उठतो आणि लंगडतो. "रक्त थांबलं" असं शेजारचे सांगतात. ते तपासायला सोपं आहे. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या फटीच्या रेषेत, पावलाच्या वरच्या बाजूला बोटं हलकी टेकवा. पाय पूर्ण बधिर असला तरी तिथली नाडी बहुतेकदा छान लागते आणि नखंही गुलाबीच असतात. पायाचं रक्त थांबलेलं नसतं. दाब नसेवर आलेला असतो, आणि त्या दाबाने खुद्द नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्या चेपलेल्या असतात.

कुठली नस? गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली चाचपलं तर हाडाचा एक गोटा लागतो. ते फिब्युलाचं, म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या लगेच खाली 'कॉमन पेरोनिअल' ही नस हाडाला वळसा घालून पुढे येते. तिथे तिच्यावर कातडी आणि थोडी चरबी, एवढंच संरक्षण. मांडी घालताना नेमकी हीच जागा जमिनीवर किंवा दुसऱ्या पायावर दाबली जाते. तळवाही बधिर झाला असेल तर दाब आणखी वर, मांडीमागच्या सायटिक नसेवर असतो. कमोडवर मोबाईल घेऊन बसणाऱ्यांची नस ही.

आता दाबामुळे बिघडतं काय ते बघू. मज्जातंतू शांत असताना त्याच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असतो. हा फरक टिकवण्यासाठी तंतूच्या आवरणातले पंप अखंड चालू असतात: दर फेरीला 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. त्यांना ऊर्जा लागते आणि ऊर्जेला ऑक्सिजन. पुरवठा घटला की पंप मंदावतात, विद्युतभाराचा तोल ढळतो आणि संदेश त्या दाबाच्या जागेपाशीच अडतो. पावलाच्या त्वचेतले संवेदनाग्राहक ठणठणीत असतात, मेंदूही जागा असतो. मधली वाट तेवढी बंद.

ती वाट एकदम बंद होत नाही, आणि मला यातला सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. एका नसेत वेगवेगळ्या जाडीचे हजारो तंतू असतात. स्पर्श, कंप आणि सांध्याची स्थिती कळवणारे तंतू जाड आणि मायलिनचं, म्हणजे संदेशाचा वेग वाढवणारं स्निग्ध आवरण असलेले. त्यांचा वेग सेकंदाला 35 ते 75 मीटर. टोचल्याची कळ आणि थंडावा नेणारे बारीक, पातळ मायलिनचे, 5 ते 30 मीटर. जळजळ, ठणका आणि ऊब नेणारे सर्वांत बारीक तंतू मायलिनविना असतात आणि सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढंच सरकतात. ठेच लागली की आधी चटकन कळ येते आणि सेकंदभराने ठणका उठतो, तो याच फरकामुळे.

दंडाला पट्टा बांधून रक्तपुरवठा रोखण्याचे प्रयोग ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुइस आणि सहकाऱ्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्यात संवेदना ठरावीक क्रमाने गेल्या: आधी स्पर्श, मग थंडपणा, मग टोचल्याची कळ. संथ, जळजळती वेदना सर्वांत शेवटपर्यंत टिकते. म्हणून बधिर पायाला हात लावलेला कळत नाही, पण जोराचा चिमटा मात्र विचित्र जळजळीसारखा जाणवतो.

मुंग्यांचा खरा भर पाय मोकळा केल्यावर येतो. म्हणजे त्या नस सावरतानाच्या असतात. रक्त परतताच पंप जोमाने सुरू होतात, तोल एका बाजूला जातो, मग उलट बाजूला, आणि या गोंधळात तंतू मधूनच, कुणी काही न स्पर्शता, संदेशांचे झोत सोडू लागतात. ओचोआ आणि टोरेब्यॉर्क या संशोधकांनी माणसाच्या नसेत बारीक सुईसारखा इलेक्ट्रोड घालून हे झोत नोंदवले आणि 1980 मध्ये मांडले. स्नायूंकडे जाणारे तंतू त्या मानाने कमी भडकतात, त्यामुळे मुंग्या भरपूर येतात पण पाय फारसा फुरफुरत नाही. मेंदूचा हिशेब मात्र साधा असतो. घंटा कुठल्या तारेची वाजली एवढंच त्याला कळतं, तार मध्ये कुठे हलवली ते नाही. झोत गुडघ्यापाशी सुटतो आणि मुंग्या पावलावर येतात. कोपर आपटल्यावर करंगळीत झिणझिण्या जातात, त्याचं कारण हेच.

उठण्याची घाई करू नये. सांध्याची स्थिती कळवणारे तंतू आधी बंद पडलेले असतात, त्यामुळे घोटा कुठल्या कोनात टेकतोय ते कळत नाही आणि पाऊल मुरगळतं. वयस्कर माणसं अशानेच पडतात. पाय लांब करावा, पाऊल वर-खाली हलवावं, बोटं वर उचलता आली आणि फरशीचा गारवा कळला की मगच उभं राहावं. चोळल्याने नस लवकर सुधारत नाही. गरम पाण्याची पिशवी तर नकोच. बधिर कातडीला चटका समजत नाही.

पाच-दहा मिनिटांत ओसरल्या तर त्या मुंग्या विसरून जाव्यात. बसण्याशी संबंध नसलेल्या, दोन्ही पावलांत सारख्या, रात्री जळजळणाऱ्या मुंग्या ही वेगळी गोष्ट. मधुमेहात सर्वांत लांब तंतूंची टोकं आधी झिजतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो. साखर आणि बी-12 जीवनसत्त्व दोन्ही तपासावीत. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि कडक शाकाहारी लोकांत बी-12 कमी निघू शकतं. दवाखान्यात स्पर्श कळतो का हे पाहायला 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉन धागा तळव्याला वाकेपर्यंत टेकवतात आणि कंप कळतो का हे पाहायला 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर धरतात. डोळे मिटून उत्तर द्यायचं, बघून नाही. मुंग्यांसोबत जांघेतला, बसायच्या जागेचा भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. एका बाजूचा चेहरा-हात-पाय अचानक बधिर पडला तर त्याच क्षणी.

कधी मुंग्या जातात पण पाऊल वर उचलत नाही, चालताना फटफट आपटतं. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्यांत, झपाट्याने वजन घटवलेल्यांत, घट्ट प्लास्टर बसलेल्यांत हे दिसतं. इथे एक साधी चाचणी उपयोगी पडते. पाऊल आतल्या बाजूला वळवता येतं का? जोर शाबूत असेल तर दोष बहुधा गुडघ्यापाशीच आहे. तोही कमी असेल तर कमरेतली एल-5 ही मूळ नस तपासावी लागते. नुसतं मायलिन दुखावलं असेल तर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत पाऊल उचलू लागतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्यापासून 30 सेंटिमीटर खाली पोचायला दहा महिने. तोवर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट वापरायचा, टाचेमागचा स्नायू आखडू नये म्हणून रोज ताण द्यायचा, आणि मांडी घालणं पूर्ण बंद ठेवायचं.