ओहोटीची वाट

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटीलाच पूर्ण करता येते, कारण डोंगराला वळसा घालणारी ती वाट पायऱ्या उतरून थेट समुद्रालगतच्या खडकांवर जाते आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली असते. आजोबांनी मला तिथे प्रथम नेले तेव्हा घड्याळ पाहिले नाही, तिथीची पाऊणपट केली आणि म्हणाले, "आज अष्टमी, म्हणजे सहाची भरती. बाराला वाट मोकळी." भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, हे मी पुस्तकात पुष्कळ नंतर वाचले.

आजोबा गेल्यानंतर एका अमावास्येला मी एकटाच गेलो आणि नेमका ऐन भरतीत, दुपारी बाराला, पोहोचलो. श्रद्धा म्हणजे देवाकडे आपल्यासाठी वेळ मागणे, अशी माझी तोवरची समजूत होती. त्या पायरीवर बसून पाण्याकडे पाहताना मला प्रथमच वाटले, की त्याच्या वेळेची वाट पाहणे हीच माझी पूजा आहे. आजोबांच्या आजारपणात मला हे उमगले असते, तर त्यांच्या उशाशी मी अधिक शांतपणे बसलो असतो.

चारच्या सुमारास लाटांनी जाळीसारखा कोरलेला पहिला खडक उघडा पडला. त्याच्या खळग्यांत अजून पाणी होते. चपला हातात घेऊन मी खाली उतरलो.