बर्फ नसलेलं औली

उत्तराखंडातल्या औलीला जायचं तर बर्फात, असंच सगळे सांगत होते. आम्ही बाबांना घेऊन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी ऑक्टोबरच निवडेन.

तेव्हा स्कीइंगचे उतार नुसते गवताचे असतात, पिवळे पडू लागलेले. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या त्या याच उतारांवर, हे सांगितल्यावर बाबांनी खालपासून वरपर्यंत एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "इथून खाली यायचं? उभ्यानं?" हा उतार केवढा तीव्र आहे, ते गवतातून चढतानाच कळतं.

नंदादेवी समोरच दिसते. ७८१६ मीटर, पूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर. बहुतेक जण तिच्यासाठी पहाटे उठतात, पण या दिवसांत सूर्य साधारण तिच्याच बाजूने उगवतो, म्हणून सकाळी दिसते ती नुसती काळी आकृती. ती खरी बघायची संध्याकाळी, मावळतीचं ऊन तिच्यावर पडतं तेव्हा. पहिल्या संध्याकाळी बाबा अंगणात खुर्ची ओढून, शाल गुंडाळून बसले. दोनदा चहा आणून दिला, दोन्ही वेळा तो तसाच गार झाला. तेव्हा औलीत किमान दोन मुक्काम ठेवाच. बद्रीनाथहून परतताना दोन तास डोकावणाऱ्यांच्या वाट्याला ही संध्याकाळ येत नाही.

दुसऱ्या दिवशी गोरसों बुग्याल, म्हणजे डोंगरावरचं गवताळ कुरण. उतारांच्या वरच्या टोकापासून सुमारे ३ किलोमीटर चाल, आधी जंगलातून, मग एकदम उघड्या कुरणात. बाबांच्या गुडघ्यांमुळे खालचा चढ खुर्च्यांच्या पाळण्याने (चेअरलिफ्टने) टाळला. पुढे ते जंगलापर्यंत आले आणि तिथेच झाडाखाली बसले. तीन हजार मीटरच्या आसपास धाप लागतेच, म्हणून पोहोचल्या दिवशी हा चढ करू नका. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत घ्या. बुग्यालवर रात्रीचा तंबू लावायला २०१८ पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्या गवताची मुळंच तिथली पातळ माती धरून ठेवतात. कचऱ्याची पिशवी खाली परत आणा, प्लास्टिकचं झाकणसुद्धा वर राहू देऊ नका.

आता रस्त्याचं. ऋषिकेश ते औलीच्या पायथ्याचं जोशीमठ साधारण २५० किलोमीटर, वाटेत चार प्रयाग. नकाशावरचे तास धरू नका. पूर्ण दिवस द्या आणि अंधार पडायच्या आत पोहोचा. पावसाळ्यात दरडी कोसळतात, ते महिने टाळलेलेच बरे. जोशीमठहून वर जाणारा सुमारे ४ किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागली तेव्हा बंद झाला. आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. जुन्या वर्णनांवर विसंबू नका, वर जायला जीप ठरवा. रोख पैसे आणि औषधं जोशीमठातच घ्या. बद्रीनाथ जोडणार असाल तर यात्रेची नोंदणी घरूनच करून निघा.

स्कीइंगच करायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. मात्र बर्फ दरवर्षी सारखा पडत नाही, तेव्हा आरक्षणाआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून तिथली परिस्थिती विचारा. उन्हाळ्यात किंवा ऑक्टोबरात गेलात तरी लोकरी टोपी आणि जाड मोजे हवेतच. सूर्य कड्याआड गेला की दहा मिनिटांत बोटं आखडतात. बाबांसाठी मी ऐनवेळी हातमोजे बॅगेत टाकले होते. दोन्ही संध्याकाळी त्यांनी ते काढलेच नाहीत.