केगावात शिकवतात ते आणि पूर्व भागात कळतं ते

अमेरिकेत जामीन भरणाऱ्या धंदेवाइकाची माणसं फरार आरोपीला धरून आणतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १८७२ सालीच त्यांना तशी मोकळीक दिली. आपल्याकडं हा धंदाच नाही. जामीनदाराला फार तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८९ खाली ‘मला मोकळं करा’ असा अर्ज करता येतो. मग वॉरंट निघतं आणि ते बजावायला पोलीस ठाण्याच्या हवालदाराकडं येतं.

सोलापूरजवळच्या केगावच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात नव्या शिपायांचा कायदा पक्का होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण वॉरंटवरचा माणूस नेमका कुठला, हे वर्गात कळत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघं सापडतात, गल्लीत मात्र ओळख टोपणनावानं. म्हणून वडिलांचं नाव, वय आणि जामिनाच्या कागदांवरचा फोटो आधी जुळवायचा. पत्ता जुना वाटला तर थेट जामीनदाराचं घर गाठायचं. बंधपत्राची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते, त्यामुळं आरोपी कुठं आहे हे बहुधा त्याला ठाऊक असतं. ‘भिवंडीला गेलाय’ हे उत्तर हमखास मिळतं. कधी ते खरंही असतं, पण कुठल्या कारखान्यात, कुणाच्या ओळखीनं, हे विचारल्याशिवाय परतायचं नाही. तेलुगू बोलणारा सोबती असला तर म्हातारी माणसं जरा मोकळेपणानं बोलतात.

निघण्याआधी कोर्टात चौकशी करायची. आरोपी सकाळीच हजर होऊन वॉरंट रद्द करून गेलेला असतो आणि ठाण्यातली प्रत तशीच पडून असते. अशी अटक अंगाशी येते.

जुन्या हवालदारांची एक सवय मात्र शिकू नये : ‘आधी उचल, कागद नंतर.’ अटकेचा मेमो जागेवरच करायचा. त्यावर घरच्या किंवा गल्लीतल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी, आरोपीची सही हवी. वॉरंटचा मजकूर त्याला सांगायचा, नातेवाइकाला कळवायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायालयात हजर करायचं. आरोपी विजयपूर किंवा कलबुर्गीकडं निघून गेला असेल तर तिथल्या ठाण्याचा शेरा घ्यायचा. वॉरंट काढणारं कोर्ट अटकेच्या जागेपासून ३० किलोमीटरच्या आत नसेल, तर सहसा आधी तिथल्याच कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं, पोलीस अधीक्षकापुढं किंवा पोलीस आयुक्तापुढं उभं करावं लागतं. इथं वर्गातलंच खरं.

नव्या शिपायाला सुरुवातीला समन्स द्यावीत, मग जामीनपात्र वॉरंटं. अजामीनपात्र वॉरंटावर एकट्याला पाठवणं म्हणजे ठाण्याचा आळस.

आणि अहवाल! ‘मिळून आला नाही’ एवढंच लिहिलं तर तो परत येतो. किती वाजता गेलो, कुणाला विचारलं, शेजाऱ्यानं काय सांगितलं, घराला कुलूप होतं का, हे सगळं त्यात यायला हवं. आरोपी फरार आहे किंवा लपतोय असं न्यायालयाला पटलं, तरच त्याच संहितेच्या कलम ८४ ची उद्घोषणा, म्हणजे त्यानं हजर व्हावं असा जाहीरनामा, निघते, आणि तिच्यातही हजर राहायला निदान ३० दिवस द्यावे लागतात.