विद्यापीठात आयएसओ 14001 आणताना: माझा अनुभव

नाशिकमधल्या एका विद्यापीठात मी पर्यावरणशास्त्र शिकवते. आयएसओ 14001, म्हणजे संस्थेच्या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र, घ्यायचं ठरलं आणि समन्वयक म्हणून माझ्या नावाचं पत्र निघालं. पर्यावरण समिती आधीपासून होतीच. 5 जूनला झाडं लावायची, नॅकच्या (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) सातव्या निकषाला फोटो जोडायचे, ग्रीन ऑडिटचा अहवाल फायलीला लावायचा, एवढ्यावर तिचं काम संपायचं. पाण्याचं बिल कोण बघतं, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं टाकाऊ आम्ल कुठे जातं, हे समितीला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

हे मानक 1996 मध्ये आलं. आम्ही 2015 च्या आवृत्तीप्रमाणे काम केलं. त्यात मुळात तीनच गोष्टी विचारतात. तुमच्या कोणत्या कामाचा हवा-पाणी-मातीवर परिणाम होतो? त्याला कोणता कायदा लागू आहे? आणि त्याची जबाबदारी नेमकी कुणाची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अभ्यास करून मिळाली. तिसऱ्याने मात्र घाम काढला, कारण ‘समितीची’ हे उत्तर चालत नाही.

सुरुवात पाण्यापासून केली. नाशिककराला पाणी म्हटलं की गंगापूर धरण आठवतं. आमच्या आवारात महापालिकेची लाइन, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर असं तिन्हीकडून पाणी येतं. बांधकाम विभागाकडून नकाशा आणला आणि प्लंबरकाकांना बरोबर घेतलं. मुलींच्या वसतिगृहामागे त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. “मॅडम, ही लाइन केव्हाच बंद झाली. खरी लाइन कँटीनखालून जाते.” मग ते पहारीने एकेका चेंबरचं झाकण उचलत गेले, विद्यार्थी खडूने नंबर टाकत गेले आणि नकाशा नव्याने काढला. तो मंजुरीला पाठवताना ‘माहिती देणारे’ या रकान्यात काकांचं नाव लिहावं असा मी आग्रह धरला. ते लिहिलं गेलं, याचं मला फार समाधान आहे.

नंतर रात्रीचं मीटर वाचन सुरू केलं. रात्री उशिरा एक आकडा, पहाटे मुलं उठायच्या आत दुसरा. सगळे झोपलेले असताना गेलेलं पाणी बहुतेक गळतीचंच असतं. एका इमारतीचा आकडा पटेना, म्हणून गच्चीवर गेलो. टाकीचा बॉलकॉक अडकलेला होता आणि वाहून जाणारं पाणी पाइपातून थेट पावसाळी गटारात पडत होतं. जमीन कोरडी, त्यामुळे कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. वसतिगृहातल्या मुलींनी प्रत्येक फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून बघितला. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला की वॉशर गेलेला. त्यांनी केलेली यादी आमच्या कुठल्याही अहवालापेक्षा उपयोगाची होती.

प्रयोगशाळांचं त्या मानाने लवकर झालं. लेबल गळालेल्या बाटल्या बाजूला काढल्या. आम्ल, सेंद्रिय द्रावक आणि जड धातूंची द्रावणं वेगवेगळ्या कॅनमध्ये जाऊ लागली, आणि भरलेले कॅन अधिकृत केंद्राकडे पाठवायची सही विभागप्रमुखांवर आली.

ई-कचऱ्याने मात्र खूप वेळ घेतला, आणि अडचण पर्यावरणाची नव्हतीच. जुने संगणक गोदामात धूळ खात पडले होते, कारण डेडस्टॉक रजिस्टरवरून (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून) ते कमी झालेले नव्हते. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव जात नाही तोवर कुणी हात लावत नाही. निर्लेखन झालं की लिलाव, आणि लिलावात जास्त दर देणारा भंगारवाला माल उचलणार. 2022 च्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करून वापरात आणणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांच्याकडेच जायला हवा. वित्त अधिकाऱ्यांसमोर नियमांची प्रत ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि निविदेच्या अटींत नोंदणी प्रमाणपत्र घालून घेतलं. विद्यापीठाचं पर्यावरण व्यवस्थापन खरेदी आणि लेखा विभागाच्या टेबलावर ठरतं, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे.

अंतर्गत लेखापरीक्षण, म्हणजे काम मानकाप्रमाणे चाललंय का याची आपणच करायची तपासणी, आम्ही विभागांची अदलाबदल करून केलं. ग्रंथालयातले लोक मेस तपासायला गेले, मेसचे व्यवस्थापक जनरेटर बघायला. आपल्या खोलीतलं आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्याला लगेच दिसतं. मग कुलगुरूंसमोर आढावा बैठक झाली, आणि त्यानंतर बाहेरचे लेखापरीक्षक दोन टप्प्यांत आले. पहिल्यात मुख्यतः कागदपत्रं. दुसऱ्यात ते माझ्याशी जेमतेम बोलले आणि थेट प्रयोगशाळा परिचराकडे गेले. “आम्ल सांडलं तर काय करता?” परिचरांनी आधी हातमोजे दाखवले, मग कोपऱ्यातली वाळूची बादली, आणि वाळू टाकल्यावर ती कुठल्या डब्यात जाते तेही सांगितलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो प्रमाणपत्र हातात आल्यावरही झाला नाही.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, दरवर्षी पाहणी. आपल्या कॉलेजात कुणी हे सुरू करणार असेल, तर आधी कुलसचिवांकडून जबाबदाऱ्यांचं परिपत्रक काढून घ्या आणि अर्थसंकल्पात या खर्चासाठी वेगळं शीर्ष मागा. घोषवाक्यं आणि फलक नंतर. आम्हाला गळती दुरुस्तीसाठी शीर्ष मिळालं आहे. आता मागणी सांडपाणी प्रक्रियेची आहे. आमच्या उताराचं पाणी नासर्डी नदीला मिळतं आणि नासर्डी गोदावरीला, त्यामुळे हा प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत मी स्वतः मांडणार आहे.