नातेवाईकाचा नंबर

ते चालत आले. कॅज्युअल्टीत हार्ट अटॅकचे पेशंट ट्रॉलीवरूनच येतात असा लोकांचा समज असतो, पण पुष्कळसे स्वतःच्या पायांनी येतात आणि काउंटरसमोर निमूट रांगेत उभे राहतात. सकाळचे ८.१० झाले होते. रात्रपाळीच्या डॉक्टरांकडून मी नुकतीच ड्युटी घेतली होती. निळा गणवेश, खांद्यावर सिक्युरिटीची पट्टी, वय पंचावन्नच्या आसपास. एसी चालू असूनही शर्ट पाठीला चिकटला होता. माझं लक्ष गेलं ते त्या शर्टामुळे. तोंडानं ते फक्त एवढंच सांगत होते, "ॲसिडिटी झालीय, एक इंजेक्शन द्या."

सहा मिनिटांत ईसीजी हातात आला. छातीवरच्या व्ही-वन ते व्ही-फोर या चारही लीडमध्ये ठोक्याच्या टोकानंतरचा एसटी हा भाग सरळ वर उचललेला. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला ठेवावा असा ईसीजी. हृदयाची डावीकडची पुढची मोठी रक्तवाहिनी बंद होती. ॲस्पिरिन चावायला दिली, दोन्ही हातांत सलाईनच्या सुया लावल्या, बंद रक्तवाहिनी उघडतात त्या कॅथलॅबला फोन केला.

"काका, दुखायला कधी लागलं?"

"रात्री दीड-पावणेदोनला."

"आणि आत्ता येताय?"

माझ्या आवाजात चिडचिड होती. ती लपवण्यात अर्थ नाही, कारण दिवसभर मला तेच आठवत राहिलं. रक्त बंद झालं की अर्ध्या-पाऊण तासात हृदयाचा स्नायू मरायला लागतो, सहा तासांत बहुतेक खेळ आटोपतो. त्यांचे साडेसहा तास होऊन गेले होते.

"बदली सातला येतो," ते म्हणाले. "आज साडेसातला आला. गेट सोडून कसं येणार?"

सोडलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. मागे एकानं ताप आला म्हणून मध्येच गेट सोडलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस उभा होता. बारा तासांची पाळी, आठवड्यातून सहा दिवस. मी मनात गुणाकार केला, बहात्तर. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना हृदयविकारानं मरण्याचा धोका ३५-४० तास करणाऱ्यांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मिळून २०२१ साली मांडला होता. तो वाचताना मी आमच्या निवासी डॉक्टरांचा विचार केला होता. गेटवरच्या माणसाचा नव्हता केला.

तेवढ्यात काउंटरवरून निरोप आला, अँजिओप्लास्टीच्या फॉर्मवर नातेवाईकाची सही पाहिजे. मी म्हटलं, पेशंट शुद्धीत आहे, त्याचीच सही चालते. क्लार्क म्हणाला, मॅडम, नंतर भानगड नको. या वादात चार-पाच मिनिटं गेली. कायद्यानं शुद्धीतल्या प्रौढ माणसाची स्वतःची सही पुरते, तरी दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, "सोबत कोण आहे?" एकट्या माणसाला तिथूनच उशीर व्हायला लागतो. शेवटी त्यांनीच सही केली. चष्मा नव्हता, त्यामुळे रेघ सोडून खाली केली. नातेवाईकाचा नंबर मात्र त्यांनी एका दमात सांगितला आणि क्लार्कनं तो टिपून घेतला.

ट्रॉली निघेपर्यंत मी हिस्ट्री पुरी करत होते. सिगारेट? "सोडली होती. रात्री डोळा लागू नये म्हणून परत धरली." बीपी? आहे. गोळ्या? इथे ते जरा थांबले.

"ती द्यायची, मी गिळायचो. कुठली सकाळची, कुठली रात्रीची, मला काय ठाऊक? ती गेली त्याला चार महिने झाले. डबा तसाच आहे."

बायको गेल्यावर नवरा खचतो, हे आपण सगळेच म्हणतो. पण खचतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मला त्या गोळ्यांच्या डब्यावरून कळलं. १९६९ साली इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन पार्क्स आणि सहकाऱ्यांनी पंचावन्नच्या पुढच्या ४,४८६ विधुरांची नोंद मांडली. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघाले आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा होता. परीक्षेच्या वेळी मी हे दुःखाचं आकडेशास्त्र म्हणून पाठ केलं होतं. दुःख असेलच. पण त्यासोबत बंद पडलेली बीपीची गोळीही असते, परत पेटलेली सिगारेटही असते, आणि रात्री दीड वाजता "उठ, दवाखान्यात चल" म्हणणारं कुणी नसतं.

८.३५ ला ट्रॉली दारातून बाहेर पडत होती. ते ट्रॉली ढकलणाऱ्या वॉर्डबॉय मामांना म्हणाले, "पाय टेकवून येऊ का, उगाच ढकलताय." आणि मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली. व्हीएफ, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. मी तिथेच, दारात, छाती दाबायला सुरुवात केली. शॉक दिला, लय आली, पुन्हा गेली. पुन्हा शॉक. कॅथलॅबचे डॉक्टर खाली धावत आले. ९.२२ ला आम्ही थांबलो.

त्यानंतरच्या त्या विचित्र शांततेत ट्रॉलीखाली कसलीशी धून वाजायला लागली. त्यांचं सामान पारदर्शक पिशवीत घालून खालच्या जाळीत ठेवलं होतं, त्यातला फोन वाजत होता. मला खरंच हायसं वाटलं. चला, घरचं कुणीतरी यांना शोधतंय. मी वाकून पिशवी काढली. स्क्रीनवर आमच्याच दवाखान्याचा नंबर होता.

काउंटरवरून क्लार्क ओरडला, "मॅडम, नातेवाईकाला रिंग जातेय, पण उचलत नाहीत."

मी त्याला हात केला, ठेव म्हणून. त्याला कळेना. पिशवी उचलून दाखवली, तेव्हा त्यानं रिसीव्हर ठेवला आणि फोन वाजायचा थांबला.

पोलिसांना कळवलं. मग दाखला लिहायला बसले. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात पहिल्या भागात ओळीनं लिहायचं असतं: झटका, तो कशामुळे, ते कशामुळे. दुसऱ्या भागात हातभार लावणारी कारणं. मी उच्च रक्तदाब लिहिलं, धूम्रपान लिहिलं. पेन तिथे थबकलं. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत 'एकटे राहणे' यालाही कोड आहे, झेड-साठ पॉइंट दोन. पण झेडचे कोड मृत्यूचं मूळ कारण म्हणून धरता येत नाहीत. आणि गेट सोडता न येण्याला तर कोडच नाही.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुषांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ ला सुरू झाला. सर्वांत खालच्या पायरीवरच्या, म्हणजे मुख्यतः निरोप्यांच्या, हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं हिशेबात धरून वजा केलं तरी फरक उरलाच. तो उरलेला फरक कशाचा, यावर त्या अभ्यासातले संशोधक मायकल मार्मट यांनी पुढची कित्येक वर्षं घालवली. कामावर स्वतःचा ताबा किती, यावर बरंच काही ठरतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या बाहेरच्या भिंतीवर मात्र एकच पोस्टर आहे: धावा, तणाव टाळा. बारा तास उभ्या असलेल्या माणसानं ते वाचून काय करायचं, कुणास ठाऊक.

रात्री आठला मी निघायच्या बेतात असताना त्याच निळ्या गणवेशातला एक जण काउंटरशी आला. जेमतेम तिशीचा. हातात चष्म्याची केस.

"सकाळी आमचे काका इथे आले होते. चष्मा केबिनमध्ये राहिला. कुठल्या वॉर्डात आहेत?"

मी त्याला बाकावर बसवून सांगितलं. तो बराच वेळ केसचं झाकण उघडत-मिटत राहिला. "मला आज अर्धा तास उशीर झाला होता," एवढंच म्हणाला. त्या अर्ध्या तासानं काही फरक पडला नसता, असं मी त्याला म्हटलं. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही.

चष्मा सामानात जमा करायचा तर रजिस्टरमध्ये नोंद लागते. क्लार्कनं वही त्याच्यापुढे सरकवली. नाव, वेळ, सही. मधल्या रकान्याशी तो अडला.

"मृताशी नातं काय लिहू?"

क्लार्कनं माझ्याकडे पाहिलं, मी क्लार्ककडे. मग त्यानं स्वतःच लिहिलं. 'बदली.'